टाचफिरकीवाला बलभीम

“त्या गाण्यावाल्याला भायेर बोलवा. म्हणावं, धुरपदा आलीया.”

ढोकीच्या साखर कारखान्याच्या गेटवर टाइम ऑफिसची खिडकी होती आणि त्या खिडकीत मी बसायचो. बाई माझ्याशी बोलत होती, पण बघत होती आत, बॉयलरच्या चिमणीकडे. पस्तिशीची असेल. अंगावर जाडंभरडं लुगडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. ब्याऐंशीचा जानेवारी होता. गळीत ऐन भरात होतं आणि उसाच्या बैलगाड्यांची रांग पार स्टेशनापर्यंत गेली होती.

बलभीमला भेटायला रोज कुणी ना कुणी यायचं. कुणी लग्नाची सुपारी द्यायला, कुणी नुसतं तोंड बघायला. म्हणून मी रोजचंच उत्तर दिलं, “पाळी चारला सुटते, मावशी. तिकडं लिंबाखाली बसा.”

“बसायला न्हाय आले,” ती म्हणाली. “इचारायला आले.”

तिनं आवाज चढवला नव्हता. तरी मी उठलो आणि आत निरोप पाठवला.

बलभीम सरवदे कारखान्यात ऑइलमन होता. ऊस पिळणारे ते अजस्र चरक, त्यांच्या बेअरिंगना तेल द्यायचं हे त्याचं काम. दिवसभर तेलकट खाकीत वावरणारा हा माणूस पांढरी बेलबॉटम आणि लाल शर्ट घालून स्टेजवर आला की त्याच्या आईनंही ओळखलं नसतं. मी शांतलिंग. टाइम ऑफिसात कारकून आणि त्याच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवणारा. आमच्या भागात गोड गळ्याचे गायक पुष्कळ होते. रॉक अँड रोल गाणारा हा एकटाच.

तसलं गाणं त्यानं कुर्डुवाडीत ऐकलं होतं. सतराव्या वर्षी तो तिथं रेल्वेच्या कोळशाच्या हमालीला होता. नाताळात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, गोव्याचे वादक यायचे आणि हा खिडकीखाली उकिडवा बसून ऐकायचा. शब्द एकही कळायचा नाही. “शब्दाचं काय घेऊन बसलास, शांतलिंग?” तो मला म्हणायचा. “आपण गाण्याला ढकलतो. त्या लोकान्ला गाणंच ढकलतंय. तेवढंच म्या उचललं.” एका म्हाताऱ्या फायरमनकडून त्यानं जुनी गिटार मिळवली आणि छोट्या रेल्वेनं गावी घेऊन आला. येरमाळ्याजवळच्या त्याच्या वस्तीत ती गिटार बघायला महिनाभर लोक येत होते.

मग बहात्तर साल आलं. विहिरी खडखडीत आटल्या, जनावरं बाजारात नेली तरी कुणी फुकट घेईना. बलभीम पाझर तलावाच्या कामावर गेला. खड्ड्यातून माती काढायची आणि माणसांच्या साखळीनं टोपलं हातोहात बांधावर पोचवायचं. त्या साखळीत गावातले सगळे होते. पाण्याचे माठ वेगवेगळे ठेवलेले, टोपलं मात्र एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचं. मधल्या कुणाला गाळून चालायचं नाही. तिथं कामाला लय मिळावी म्हणून बलभीम गायला लागला. टोपलं आलं, टोपलं गेलं, टाचेवर फिर गं, टाचेवर फिर. मुकादमानं पहिल्या दिवशी दम दिला, दुसऱ्या दिवशी बघितलं की बांध भराभर चढतोय, आणि तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “सरवद्या, आज मुका का रं?”

पुढं कारखान्यात नोकरी लागल्यावर त्यानं ते गाणं गिटारवर बसवलं. सुरुवातीला आम्ही तिघंच होतो. बलभीम, मी आणि ड्रमवर रामकिसन. एकोणऐंशीच्या मोळीपूजनाला, गळिताच्या पहिल्या दिवशी, कामगारांसमोर आम्ही ते पहिल्यांदा वाजवलं. गाता गाता बलभीमनं गुडघे सैल सोडले, चवड्यांवर उभा राहिला आणि दोन्ही टाचा जोडीनं डावीकडे, उजवीकडे फिरवायला लागला. कंबर आपोआप फिरत होती. हात पुढं, जणू काही तरी घेतोय आणि देतोय. समोरचे पाचशे लोक आधी हसले. मग एक ऊसतोडवाला उठला. मग त्याची बायको. कडवं संपायच्या आत सगळं मैदान फिरत होतं.

त्याला लोकांनीच नाव दिलं, टाचफिरकी. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, हाच तिचा गुण. ज्याला आयुष्यात नाचता आलं नाही त्यालाही ती यायची. दोन वर्षांत ती जिल्ह्याबाहेर गेली. तुळजापुरात एका वरातीत नवरदेव घोड्यावरून उतरला आणि देवळाच्या पायऱ्यांपर्यंत फिरकी घेत गेला. येरमाळ्याच्या यात्रेत म्हाताऱ्या बायका पदर खोचून फिरल्या. निळ्या गुलालातही तीच आणि लाल गुलालातही तीच. आमच्या स्टेशनासमोरचा चांभार म्हणायचा, “बलभीमराव, तुमच्या किरपेनं चपला फकस्त फुडूनच झिजत्यात. अर्ध्या चपलीचं दुकान टाकावं म्हणतो.” सोलापूरच्या बँडवाल्यांनी आमची चाल उचलली, तेव्हा मी चिडलो. बलभीम खूश झाला. “उचलू दे की! आपल्या घरातनं काय कमी झालं?”

एक गोष्ट मात्र त्या भरात झाली. सोलापूरच्या एका वर्तमानपत्राचा माणूस मुलाखत घ्यायला मिल हाऊसमध्ये आला. त्यानं विचारलं, ही फिरकी सुचली कशी? बलभीमच्या हातात तेलाचं डबडं होतं आणि पाठीमागं चरक फिरत होते. त्यानं अंगठ्यानं मागं दाखवलं आणि म्हणाला, “ह्यांच्याकडनं. चरक फिरतंय, तसं म्या फिरलो.” त्या माणसाला ते फारच आवडलं. रविवारी फोटोसकट छापून आलं. मग आमच्या हँडबिलांवर आलं, ‘चरकातून जन्मलेली टाचफिरकी’. ती ओळ माझी. आणि मला खरं माहीत होतं. पहिल्याच वर्षी बलभीमनं मला सांगितलं होतं की पाझर तलावाच्या साखळीत एक बाई होती, फिरकी तिची. मी ते विसरलो नव्हतो, पण चरक छापायला बरा वाटला.

ती बाई आता माझ्या खिडकीसमोर उभी होती.

बलभीम हात पुसत आला. तिला बघून त्याचं तोंड उजळलं.

“धुरपदा आक्का! आगं, किती वर्सांनी! बिराप्पा दाजी बरं हायत का? मेंढरं?”

“समदी बरी हायत.”

आम्ही कँटीनमध्ये बसलो. चहा आला. तिनं कपाला हात लावला नाही.

“माझी गजरा तिसरीत हाय,” ती म्हणाली. “शाळंत ग्यादरिंग हाय. पोरी तुझ्या गाण्यावर नाचणार हायत. गुरुजीनं पेपरातलं वाचून दावलं, की ह्यो नाच मिशिनीवरनं काढलाय. तवा गजरा उठली आन म्हणली, न्हाय गुरुजी, माझ्या आयनं काढलाय. समदी पोरं हसली. गुरुजी म्हणलं, खोटं बोलू नगंस. ती म्हणली, खरंच हाय. मग तिला बाकावर उभं केलं. शाळा सुटस्तवर.”

बलभीम हसला. वाईट हेतूनं नाही. त्याला हसून वेळ मारून न्यायची सवय होती.

“आक्का, एवढंच व्हय? म्या गुरुजीला दोन वळी लिवून देतो की. लोकान्ला काय, कुटनं आलं ह्याचं काय पडलंय? नाचायला मिळालं, झालं.”

“लोकान्ला नसंल पडलं.” तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. “तुला ठावं हाय ना, म्या तशी का फिरत व्हते?”

बलभीमनं नुसती मान हलवली.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. मला माहीत नव्हतं हे तिनं ओळखलं. “सातवा म्हैना व्हता, दादा. टोपलं घेऊन कंबरंत वळलं की पोटात कळ यायची. घरी बसावं तर खायाला न्हाय. मग म्या कंबर वळवायचीच सोडली. चवड्यावर ऱ्हायचं आन टाचा फिरवायच्या. समदं आंग एकदमच फिरतंय, पोटाला धक्का न्हाय. माझं बघून बाजूच्या बायकांनी तसंच केलं. मग समद्या लाइनीनं. ह्यानं त्याला गाणं लावलं. गाण्यानं लई बरं वाटायचं, खोटं का बोलू.” ती थांबली. “पोटात व्हती ती हीच. गजरा. तिला म्या सांगितलेलं, की बाई, तू जल्मायच्या आदीच नाचलीस. ते तिनं धरून ठिवलंय. आन आता तिलाच खोटी पाडली.”

कँटीनमध्ये कप-बश्यांचा आवाज चालू होता.

“तुझं कायबी नगं मला,” ती उठत बलभीमला म्हणाली. “नाव नगं, पैका नगं. फकस्त माझी पोर खोटी न्हाय, एवढं त्या गुरुजीला कळाया पायजे. दोन वळीनं न्हाय. तुझ्या तोंडानं.”

दोनच्या एसटीनं ती परत गेली. चहा तसाच राहिला.

हे सगळं अशा आठवड्यात झालं की विचारू नका. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं टाचफिरकीची तबकडी काढायचं ठरवलं होतं. कंपनीचे साहेब सव्वीस जानेवारीचा आमचा कार्यक्रम बघायला येणार होते. आदल्या दिवशी ते आलेच. गोरेगोमटे, बोलायला मऊ. गेस्ट हाऊसवर त्यांनी बलभीमला कव्हरचं चित्र दाखवलं. लाल शर्टातला बलभीम, मागं कारखान्याचे चरक. बलभीमनं ते उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा बघितलं. मग साहेबांनी एक कागद काढला. त्यावर टाइप केलं होतं, ‘या नृत्याची कल्पना सर्वस्वी माझी असून त्यात अन्य कोणाचाही वाटा नाही.’

“उद्या कार्यक्रम झाला की सही करा,” साहेब म्हणाले. “नेहमीचाच कागद आहे. उद्या कुणी उठून हक्क सांगायला नको.”

परत येताना मी त्याला समजावलं. “आधी सही कर. तबकडी निघू दे. मग शाळेत जाऊन त्या पोरीचं काय ते सांग. वाडीची शाळा आहे, मुंबईत कुणाला कळणार?”

“व्हय,” तो म्हणाला.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि दुपारी तीनला मैदानात कार्यक्रम सुरू झाला. उन्हात हवा मळीच्या वासानं जड झाली होती. गर्दी इतकी की लोक रिकाम्या बैलगाड्यांवर चढून बसले होते. साहेब पहिल्या रांगेत. बलभीम त्या दिवशी असा गायला की माझी बोटं त्याच्या मागं धावत होती. टाचफिरकी शेवटी ठेवली होती. रामकिसननं ड्रमवर सुरुवात केली, लोक उभे राहिले, आणि बलभीमनं हात वर केला.

“रामकिसन, थांब. मंडळी, जरा थांबा.”

मला वाटलं माइक बिघडला.

“तुमी माझ्यावर लई माया केली,” तो म्हणाला. “पर म्या तुमाला एक गोष्ट खोटी सांगितली. ही फिरकी चरकावरनं आली, आसं म्या पेपरात बोललो. चरकाला पोट नसतंय, मंडळी. ही फिरकी एका पोटुशा बाईची हाय. भात्तरच्या दुष्काळात, पाझर तलावावर, सातव्या म्हैन्यात ती टोपलं देत व्हती. पोटातलं लेकरू सांभाळत व्हती आन समद्या लाइनीचं पोटबी. तिचं नाव धुरपदाबाई बिराप्पा. म्या त्याला फकस्त गाणं लावलं.”

कार्यक्रम बुडाला असं मला वाटलं. तेवढ्यात मागून, बैलगाडीवरून, एका म्हातारीचा आवाज आला, “व्हय! म्या व्हते त्या लाइनीत! खरं हाय त्येचं!”

बलभीम हसला. त्याचं ते स्टेजवरचं, छाती भरून येणारं हसू. “मग आता नीट करा! हातात टोपलं धरा. नसलं तरी धरा! जड हाय, सांडू नका! बाजूवाल्याला द्या!”

आणि रामकिसनच्या काठ्या पडल्या. मी आजवर शेकडो कार्यक्रम वाजवले, पण तसं पुन्हा कधी बघितलं नाही. हजारो माणसं नसलेली टोपली एकमेकांच्या हातात देत होती. ऑफिसातले लोक ऊसतोडवाल्यांना देत होते, ऊसतोडवाले ऑफिसातल्यांना. कुणाच्या हातून कुणाच्या हातात, ते कुणी बघत नव्हतं. लोक पूर्वीसारखे नुसते हसत-खिदळत नव्हते. ज्यांनी दुष्काळ बघितला होता ते खरंच वजन असल्यासारखे गुडघे वाकवत होते.

कार्यक्रम संपल्यावर साहेब स्टेजमागं आले. चेहरा उतरलेला, पण बोलणं मऊच.

“फार छान झालं. पण हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं. आता हा कागद...”

“कागदावर तिचं नाव घाला, सायेब. त्याच्याखाली म्या आत्ता सही करतो.”

“असं होत नाही हो. कव्हर छापायला गेलंय. आणि लोकांना मशीन आवडतं, नवं वाटतं. मातीची टोपली कोण विकत घेणार?”

बलभीमनं मैदानाकडे बघितलं. लोक अजून पांगत होते आणि पांगता पांगताही फिरत होते.

“मग ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला आणि गिटारच्या तारा पुसायला लागला.

तबकडी पुढं निघालीच. दिवाळीच्या सुमारास, दुसऱ्याच कुणा गायकाच्या आवाजात, शब्द थोडे बदलून. आमच्याकडे कोणताच कागद नव्हता, भांडणार कशाच्या जोरावर? आम्ही ती पहिल्यांदा ऐकली तुळजापुरात, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात. सोलापूरच्या गाडीतून उतरलेली चार पोरं तिच्यावर फिरकी घेत होती. बलभीमनं चहा संपेपर्यंत पूर्ण ऐकलं.

“आवाज बरा हाय गड्याचा,” तो म्हणाला. “पर टोपलं कधी उचललेलं न्हाय.” आणि बशी खाली ठेवून त्यानं दुसरा चहा मागवला. मला रडू येत होतं. त्याला नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

शाळेचं गॅदरिंग त्याच्या बरंच आधी, त्याच फेब्रुवारीत झालं. ते शेवटी सांगतो, कारण माझ्या डोळ्यांसमोर तेच जास्त राहिलं आहे.

दोन खोल्यांची शाळा. कार्यक्रम दुपारी, आवारात. माइक नाही, स्टेज नाही. बलभीम लाल शर्ट घालूनच गेला. “पोरान्ला बी कळू दे, आपण कोण हाय ते,” असं म्हणाला. गुरुजी तरुण होते, घाबरलेले होते. त्यांना ढोकीचं सगळं कळलं होतं. त्यांनी आधीच वर्गातला मोठा फळा बाहेर आणून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्यावर सुंदर अक्षरात पाहुण्यांचं नाव लिहिलं होतं. बलभीमनं ते वाचलं आणि म्हणाला, “गुरुजी, ह्याच्या वर एक नाव लिवायचं ऱ्हायलं.” गुरुजींनी गजराला हाक मारली. “सांग बाळ, आईचं पूर्ण नाव सांग.” ती सांगत गेली, ते लिहीत गेले. लिहून झाल्यावर ते मुलांकडे वळले आणि म्हणाले, “गजरा खरं बोलत होती. चूक माझी होती.” एवढंच. पण उभं राहून, सगळ्यांसमोर.

मग पोरी नाचल्या. गजरा सगळ्यांत पुढं, हातात खरंखुरं टोपलं. बलभीम तिच्यासाठी गायला, हजारोंच्या मैदानात गायचा तसाच, जीव तोडून.

धुरपदाबाई सगळ्यांत मागं, कुंपणाला टेकून घोंगडीवर बसली होती. गुरुजींनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती कशीबशी उभी राहिली.

“म्या काय बोलू?” ती म्हणाली. “टोपलं जड व्हतं.”

आणि बसली.

सगळं संपल्यावर मुलं पांगली. ती फळ्याजवळ आली आणि बराच वेळ बघत राहिली.

“ह्यातलं माझं कुठलं?” तिनं विचारलं.

बलभीमनं वरच्या ओळीवर, अक्षरांना न लागेल असं बोट फिरवून दाखवलं. तिनंही तसंच बोट हवेत फिरवलं, डावीकडून उजवीकडे, शेवटच्या अक्षरापर्यंत.

“पुसत्यात का हे?”

“उद्या वर्ग भरायचा ना, बाई,” गुरुजी ओशाळून म्हणाले. “एकच फळा आहे.”

“मग पुसा की. पोरान्ला लिवायला जागा नगं का?”

तिनं घोंगडी खांद्यावर टाकली, गजराचा हात धरला आणि दोघी बाहेर चरणाऱ्या मेंढरांच्या मागं माळाकडे निघाल्या. बलभीम लाल शर्टात फळ्यासमोर उभा होता. एसटीची वेळ होत आली होती आणि आम्हाला दुसरी पाळी गाठायची होती, पण मी त्याला लगेच हाक मारली नाही.